ऑनलाइन कॉलेजातून इंटरनॅशनल मार्केटिंग शिकावं का? (घरी हळद आहे)

हळकुंड | ९ डिसेंबर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी वसमत तालुक्यातली. यंदा बी.कॉम. झालं. घरी तीन एकर सेलम हळद, बाकी सोयाबीन. मामा हैदराबादला असतात, त्यांनी डोक्यात भरवलंय की हळद बाहेरच्या देशात विकायची तर आधी त्यातलं शिक्षण घे. एका खासगी विद्यापीठाचा ऑनलाइन एमबीए आहे, दुसऱ्या वर्षी इंटरनॅशनल मार्केटिंग हा विशेष विषय. दोन वर्षांची फी १ लाख ६० हजार. चौकशीसाठी एकदाच नंबर टाकला, तेव्हापासून तिथली काउन्सेलर दिवसातून चारदा फोन करते आणि "सीट दोनच राहिल्यात" म्हणते. ऑनलाइनला सीट कशी संपते हे मला कळलेलं नाही.

बाबांचं म्हणणं, "हळद विकायला मोंढा आहे. त्याला डिग्री कशाला लागती?"

तर ज्यांनी हा विषय असा घरबसल्या शिकलाय त्यांनी सांगा, हाती काय लागलं? नोकरीचं विचारत नाहीये. विकायचं कसं ते कळतं का, एवढंच.

मोंढ्यातला_पोरगा

दीड लाखात अर्धा कुकर येतो हळद शिजवायचा. बाबांचं ऐका.

दुष्काळी_ढग

सीट संपते म्हणजे काउन्सेलरची खुर्ची. महिन्याचं टार्गेट झालं नाही की तीच उठवतात.

मास्तर_परभणी

ताई, आधी मान्यतेचं बघा, मग विषयाचं. ऑनलाइन पदवी द्यायला विद्यापीठाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, त्या त्या अभ्यासक्रमासाठी परवानगी लागते. यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर आहे. विद्यापीठाचं नाव यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं सत्र त्यात आहे का ते बघा. मान्यता असेल तर अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. कोणी "ऑनलाइन म्हणजे डुप्लिकेट" म्हणालं तर त्याला हे सांगा.

दुसरं असं की एमबीए हे अख्खं गाठोडं आहे. त्यात अकाउंट्स आलं, एचआर आलं, संख्याशास्त्र आलं. इंटरनॅशनल मार्केटिंग तुमच्या वाट्याला येणार दुसऱ्या वर्षी, तेही दोन-तीन पेपर. तेवढ्याचसाठी जायचं असेल तर इग्नूचा इंटरनॅशनल बिझनेस ऑपरेशन्सचा पीजी डिप्लोमा बघा. दिल्लीची आयआयएफटी ही १९६३ पासून ह्याच कामासाठी उभी असलेली संस्था आहे, तीही निर्यातीचे छोटे प्रमाणपत्र कोर्स चालवते. आणि केंद्र सरकारच्या 'स्वयम'वर शिकायला पैसाच लागत नाही. त्यातल्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या, कोर्सला प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे १००० रुपये. बारा आठवडे, दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी केंद्रावर जाऊन पेपर. असाइनमेंटचे २५, पेपरचे ७५. जानेवारीत पुढचं सत्र सुरू होईल.

आमच्या वेळी 'बहिःस्थ' म्हटलं की सोयरिकीत मुलाकडचे तोंड वाकडं करायचे. आता परिस्थिती बरी आहे.

वाळूज_सेकंड_शिफ्ट

मी केलाय असा एमबीए. वाळूजला एका व्हेंडर कंपनीत आहे, शिफ्ट संपली की रात्री साडेअकराला रेकॉर्डेड लेक्चर. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षातलं अर्धं झोपेत ऐकलं.

पण एक गोष्ट डोक्यात बसली. माल सगळीकडं एकसारखा विकायचा की प्रत्येक देशाप्रमाणे बदलायचा, हा ह्या विषयातला जुना वाद. लेव्हिट नावाच्या प्राध्यापकानं १९८३ मध्ये लिहिलं की जग एकच बाजारपेठ होत चाललंय, सगळ्यांना तीच वस्तू स्वस्तात आणि चांगली द्या. लेक्चरमध्ये सर बर्गर न् कोल्ड्रिंकची उदाहरणं देत होते. मला मात्र बजाजची बॉक्सर मोटारसायकल आठवत होती. आपल्याकडच्या रस्त्यावरून ती कधीच हटली, पण नायजेरियात लोकांनी तिच्यावर टॅक्सीचा धंदा उभा केला. ओकाडा म्हणतात तिथं. आपल्याकडं पोराला चमक पाहिजे, फोनला जोडणारं मीटर पाहिजे. तिथल्या माणसाला पाहिजे खराब रस्त्यावर टिकेल असा दणकट सांगाडा आणि कुठल्याही मेकॅनिकला उघडता येईल असं इंजिन. माझी असाइनमेंट मी ह्यावरच केली, २० पैकी १८ मिळाले. आयुष्यातले सर्वोच्च.

कामात उपयोग? प्रमोशन झालं नाही. पण पार्ट का रिजेक्ट होतो, त्या देशाचं स्टँडर्ड वेगळं का असतं, हे आता साहेबाला न विचारता कळतं.

अनिवासी_नांदेडकर

दुबईत बारा वर्षं आहे. हळकुंड ताई, इथल्या सुपरमार्केटात हळदीचं अख्खं कपाट असतं, त्यात माल बहुतेक भारताचाच आणि पाकिटावर नाव भलत्याचंच. लेबल अरबीत लागतंच, त्याशिवाय फळीवर येत नाही. नाव ठेवताना मात्र जपा. ती शेव्हरले नोव्हाची गोष्ट माहिताय ना? स्पॅनिशमध्ये 'नो वा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून लॅटिन अमेरिकेत गाडी कोणी घेतलीच नाही.

संशयी

झालं. आली नोव्हा.

दादा, ती दंतकथा आहे. गाडी मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात बऱ्यापैकी विकली गेली. 'नोव्हा' आणि 'नो वा' ह्यांचा उच्चारही स्पॅनिश माणूस वेगळा करतो. 'कवडी'ला कोणी 'कावडी' समजत नाही तसं. तरीसुद्धा अर्ध्या कोर्सांच्या पहिल्या लेक्चरला हीच गोष्ट असते. मी तर कोर्स निवडायची कसोटीच ती ठेवलीये. पहिल्या तासाला नोव्हा आली की टॅब बंद.

तसंच ते हॉफस्टीडचं, देशोदेशींच्या संस्कृती मोजणाऱ्या संशोधकाचं. आयबीएमच्या नोकरांची पाहणी केली आणि अख्ख्या देशांना आकडे चिकटवले. भारताचा 'पॉवर डिस्टन्स', म्हणजे वरच्यापुढं मान तुकवायची सवय, ७७. आता जालन्याचा बियाणेवाला, केरळचा मसालेवाला आणि दिल्लीचा साहेब, सगळे ७७?

मोंढ्यातला_पोरगा

अडत्यापुढं बाप कसा उभा राहतो बघितलंय का? ७७ कमीच आहे.

संशयी

मान्य. हा वार वर्मी लागला.

लातूरची_डाळ

तुम्ही सगळे बाहेर विकायच्या गप्पा मारू लालेत. आमच्याकडं इंटरनॅशनल मार्केटिंग उलट्या पायानं आलं.

आमची छोटी दालमिल आहे. लहानपणी तूर म्हणजे औसा, निलंगा, रेणापूर. आता मिलमध्ये आफ्रिकेचं पोतं येतंय. मोझांबिकबरोबर सरकारनं २०१६ मध्ये करार केला तुरीचा. म्यानमार, टांझानिया आहेतच. एवढी तूर पिकवणारा आपला देश, आणि खाणारा त्याहून मोठा. ती तूर दिसायला जरा वेगळी, दाणा बारीक, भाजताना वास निराळा. आई एका चिमटीत ओळखती. पण गिऱ्हाइकाला पाकिटात फक्त भाव दिसतो.

तर बाई, कोर्समध्ये एक धडा असतोय बघा, परदेशी बाजारात शिरायचे मार्ग. एजंट, वितरक, भागीदारी वगैरे. तो धडा वाचताना मला वाटलं, हे तर मोझांबिकच्या माणसानं आमच्यावर करून झालंय. आपण त्यांचं 'टार्गेट मार्केट' आहोत. ही गोष्ट कळायला तरी शिका. आयात शुल्क लागलं-उठलं की आमच्या मिलचा महिना फिरतो, आणि बाप अजून बातम्या बघायच्या ऐवजी पंचांग बघतो.

गोदाकाठ

वसमतच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ना आता? त्याचा काय फायदा?

हळकुंड

हो, २०२४ मध्ये. सांगलीला २०१८ मध्येच मिळालं होतं. आजोबा सांगायचे, आपली हळद ट्रकनं सांगलीला जायची आणि तिथून 'सांगलीची' होऊन पुढं निघायची.

वाळूज_सेकंड_शिफ्ट

ह्याला 'कंट्री ऑफ ओरिजिन इफेक्ट' म्हणतात. जर्मन मशीन, स्विस घड्याळ. तुमच्या बाबतीत तालुका ऑफ ओरिजिन.

बीडची_सीताबाई

जीआय म्हणाल तर बीडच्या सीताफळाला २०१६ मध्येच मिळालंय, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केशर आंबा त्याच साली. म्हणून काय सीताफळ विमानात बसलं? तोडल्यावर तीन दिवसांत डोळे पडतात, चौथ्या दिवशी चमच्यानं खायचं. बालाघाटावरून मुंबईपर्यंत शाबूत पोचलं तरी पुष्कळ. कोर्सवाल्यांना म्हणावं मार्केटिंगच्या चार 'पी'पैकी सीताफळाचं 'प्लेस', म्हणजे माल पोचवणं, हे पी शिकवा आधी, बाकीचे तीन नंतर.

दुष्काळी_ढग

अवांतर: ह्या धाग्यावर अजून उस्मानाबादी शेळी कशी आली नाही?

धाराशिवकर

आली. आणि आता जिल्हा धाराशिव झाला तरी शेळी उस्मानाबादीच राहिली. ब्रँडचं नाव सहजी बदलत नसतं, घ्या, तुमचा एक धडा फुकट.

(इथून पुढचे अकरा प्रतिसाद शेळी, नामांतर आणि तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेवर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)

कागदी_घोडा

उशिरा आलो, पण हे माझं पोट आहे म्हणून लिहितो. मूळचा सेलूचा, न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरन्सच्या कामात पंधरा वर्षं.

हळकुंड ताई, एमबीएत जे शिकवतात ते बाजार कसा निवडायचा, किंमत कशी लावायची, ब्रँड कसा करायचा. ते हवंच. पण माझ्याकडं रडत येणारी माणसं त्यात चुकलेली नसतात, ती कागदात चुकलेली असतात. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी नंबर, हा सोपा भाग, ५०० रुपये, घरबसल्या, नंबर म्हणजे तुमचा पॅनच. पण तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन जाऊन अपडेट करावा लागतो, बदल काही नसला तरी. नाही केला तर बंद पडतो, आणि हे कळतं कधी? माल गोदीत उभा असतो तेव्हा. हळदीसाठी स्पायसेस बोर्डाकडं मसाल्याची निर्यातदार म्हणून नोंदणी लागेल. अपेडा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नाही, बरेच जण तिथं जाऊन परत येतात. एचएस कोड म्हणजे कस्टमसाठी मालाचा नंबर, त्याचे पहिले सहा आकडे ०९१०३०, ते जगभर तेच. पुढचे दोन आपल्या देशाचे, सुकी हळद आणि पावडर ह्यांचे वेगवेगळे.

आता माझी गोष्ट. नवा होतो तेव्हा एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं कोटेशन मी टाइप केलं. त्यानं भाव सांगितला न्हावा शेव्यापर्यंतचा, मी पुढं लिहिलं 'सीआयएफ जेबेल अली', दुबईचं बंदर ते. म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा आमच्या अंगावर. गिऱ्हाइकानं अर्ध्या तासात होकार कळवला. अर्ध्या तासात होकार आला की समजायचं आपण काहीतरी चुकलोय. नफा तर गेलाच, वरून भाडं गेलं. त्या माणसानं मला एक शब्द बोलला नाही, फक्त पुढची सहा वर्षं प्रत्येक कागद माझ्यासमोर मोठ्यानं वाचून घेतला.

आणि सीआयएफची गंमत अशी की भाडं विकणारा भरतो, पण माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची. वाटेत बुडाला तर विम्याकडं त्यानं जायचं. हे दहापैकी आठ निर्यातदारांना माहीत नसतं असा माझा अनुभव. पुस्तकात असंही असतं की कंटेनरच्या मालाला एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) किंवा सीआयएफ वापरू नका, एफसीए-सीआयपी वापरा. बाजारात मात्र सगळे एफओबीच म्हणतात. भाडं, विमा, जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या ह्या जागतिक संज्ञा म्हणजे इन्कोटर्म्स, २०२० च्या यादीत अशा अकरा आहेत. ताई, ह्या अकरा पाठ करा, एमबीए करा न करा.

मास्तर_परभणी

+१. हा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवण्यासारखा आहे.

जालन्याची_लेक

मी अशाच एका ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे, सासरी राहून. विषयाबद्दल इतरांनी लिहिलंय, मी परीक्षेबद्दल लिहिते, कारण ते माहितीपत्रकात नसतं.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. आधी लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायच्या. मी दाखवल्या. एका भिंतीला मोसंबीचे रिकामे क्रेट छतापर्यंत. तिकडून बाई विचारतात, "व्हॉट इज बिहाइंड द बॉक्सेस?" मागं भिंत आहे म्हटलं. हलवून दाखवा म्हणाल्या. बेचाळीस क्रेट हलवले. साडी घामानं चिंब, आणि प्रश्न पहिला: 'परदेशी बाजारातील सांस्कृतिक अडथळे स्पष्ट करा.'

पाऊण तासानं सासूबाई मागून चहा ठेवायला आल्या. पडद्यावर लाल पट्टी, 'दुसरी व्यक्ती आढळली'. त्यांनी कॅमेऱ्याकडं बघून पदर सावरला आणि "बसा, तुम्ही पण घ्या" म्हणाल्या. ताकीद एक. मग लाईट गेली. इन्व्हर्टरवर राउटर होता, पण टॉवरच झोपला. फोनच्या नेटवर परत आत येईपर्यंत अकरा मिनिटं गेली, ती मिळाली नाहीत. तक्रार केली तर उत्तर आलं, 'विद्यार्थ्याने अखंड वीजपुरवठ्याची खात्री करावी.' जालन्यात. मे महिन्यात.

पण ग्रुप असाइनमेंट छान झाली. इंदूरची एक, कोचीचा एक आणि मी. मोसंबी आखाती देशात न्यायची असा आराखडा. कोचीच्या पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, "ते लोक मोसंबी कशासाठी विकत घेतील, खायला की रसाला?" आमच्या घरात तीन पिढ्या बाग आहे आणि हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. आम्ही फक्त डझनावर की किलोवर एवढंच बोलतो.

दुष्काळी_ढग

सासूबाईंना मार्केटिंगचे पूर्ण गुण.

लातूरची_डाळ

"बसा, तुम्ही पण घ्या" हे आमच्या मिलचं बोधवाक्य करावं म्हणतो.

हळकुंड | २८ डिसेंबर

सगळ्यांचे खूप आभार. ठरवलं. एमबीए सध्या नाही. स्वयमवर ह्या विषयाचा बारा आठवड्यांचा कोर्स घेते, आणि कागदी_घोडा दादांचे अकरा शब्द पाठ करते. काउन्सेलरला सांगितलं तर म्हणाली, "मॅम, आता एकच सीट आहे."

हळकुंड | २२ एप्रिल

धागा वर काढतेय. परवा रविवारी नांदेडला पेपर झाला. असाइनमेंट बाराही दिल्या, त्यातल्या चार हळद शिजवायला कुकर आला होता त्या आठवड्यांत, मोबाइलवर, पिवळ्या बोटांनी. पहिल्या तासाला नोव्हा आली नाही, संशयी दादांसाठी नोंद.

खरी गोष्ट पुढची आहे. अनिवासी दादांनी व्यनि (खासगी निरोप) करून तिथल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याशी गाठ घालून दिली. त्यांना मी मेल लिहिली, कोर्समध्ये शिकवलं तशी: वसमत, जीआय, सेलम, किती टन, केव्हा. फार सुंदर मेल होती. उलट उत्तर दोन ओळींचं. करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) किती, ओलावा किती, आणि लेड क्रोमेटचा रिपोर्ट पाठवा.

पहिल्या दोन गोष्टी ठीक. तिसरी मला पुस्तकात भेटली नव्हती. शोधलं तर कळलं, हळकुंडाला पिवळीधमक चकाकी यावी म्हणून पॉलिश करताना काही ठिकाणी जो रंग टाकतात त्यात शिसं असतं. घरी मागच्या वर्षीचे दोन कट्टे होते, भाव येईल म्हणून ठेवलेले. त्यातली मूठभर आणि ह्या वर्षीची बिनपॉलिशची मूठभर, अशा दोन पुड्या तपासणीला दिल्या. ह्या वर्षीची निर्मळ निघाली. मागच्या वर्षीच्या पुडीपुढं 'पॉझिटिव्ह'.

बाबांना कागद दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ड्रमवाला मूठभर काहीतरी टाकायचा. मी विचारलं नाही कधी. चमक नसली की बिटाला, लिलावात, बोली खाली येती." मग परत थोड्या वेळानं, "दुबईवाल्याला इथं बसून कसं कळलं गं?"

ते दोन कट्टे विकले नाहीत. यंदा पॉलिशला बाबा स्वतः ड्रमपाशी खुर्ची टाकून बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हळद फिकी दिसते. मोंढ्यात एका व्यापाऱ्यानं हातात घेऊन "यंदा आजारी पडली का?" विचारलं, आणि बोली खरंच खाली लागली. तीन कट्टे तेवढ्यात दिले, बाकीची ठेवलीय.

तिकडं दोन किलोचा नमुना रिपोर्टसकट पाठवलाय. अजून उत्तर नाही.

मोंढ्यातला_पोरगा

डिसेंबरात मीच अर्ध्या कुकरची चेष्टा केली होती. शब्द मागं घेतो. आमच्या गल्लीतल्या ड्रमवाल्याला उद्या विचारतो काय टाकतो ते.

संशयी

उत्तर अर्ध्या तासात आलं नाही हे चांगलं लक्षण आहे, कागदी_घोडा ह्यांच्या नियमाप्रमाणे.

कागदी_घोडा

बरोबर. आणि ताई, एप्रिल संपत आलाय. कोड काढला असेल तर पुढच्या वर्षीपासून अपडेटची आठवण भिंतीवर लिहून ठेवा. भाव पाठवायच्या आधी कोटेशन इथं टाका, मी मोठ्यानं वाचतो.

अनिवासी_नांदेडकर

फोन केला होता त्यांना. नमुना पोचलाय, टेबलावर आहे. पाकीट उघडलंय एवढं नक्की, कारण त्यांच्या कीबोर्डवर पिवळं दिसलं व्हिडिओवर.

जालन्याची_लेक

पेपर कसा गेला ते सांगितलंच नाहीस गं.

हळकुंड

बरा गेला. इन्कोटर्म्सवर प्रश्न आला होता, सीआयएफला जोखीम कुठं बदलते. मधल्या एका प्रश्नाला मात्र चुकले, पर्याय दोन वाटत होते. बाबा केंद्राबाहेर झाडाखाली बसून होते. बाहेर आल्यावर पहिलं विचारलं, "लाईट तर नाही ना गेली?"